आम्हाला न विचारता दिलेली माफी

"देवानं माफ केलं म्हणे त्याला! आणि आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही."

माईआत्या हे स्वयंपाकघरात म्हणाली, गवारीचे दोर काढता काढता. म्हणाली शेजारच्या दिघेकाकूंना, पण मला ऐकू यावं अशा बेतानं. मी मधल्या खोलीत कॉलेजचं पुस्तक उघडं टाकून बसले होते. आमच्या घरात मला थेट असं फार कमी सांगितलं जाई. मी बोलत नाही, तेव्हा माझ्याशीही बोलायची गरज नाही, असा सोयीचा समज सगळ्यांनी करून घेतला होता. मग घरातल्या बातम्या मला भांड्यांच्या आवाजात मिसळून, भिंतीपलीकडून मिळत. त्या दिवशी काकूंनी आणलेला निरोपही तसाच मिळाला.

"मग काय सांगू त्यांना?" काकूंनी विचारलं. "नवमीला येऊ का, एवढंच विचारलंय हो. टावर चौकात भेटले, फळंबिळं घेत होते. फार वाळलेत."

"एवढंच! जिला यानं मारलं तिच्याच पानाला जेवायला येणार. एवढंच!"

जिला मारलं ती माझी आई. मारणारा म्हणजे अरुणकाका, बाबांचा धाकटा भाऊ. देवासला कुणाचं तरी लग्न होतं. बाबा तिथे थांबले, आणि काका आम्हाला गाडीतून परत घेऊन निघाला. तो प्यायलेला होता. किती, यावर पुढे कोर्टात बराच खल झाला. दिवेलागणीची वेळ होती, पुढे मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती, आई पुढच्या सीटवर होती. मी बारा वर्षांची, मागे झोपलेले. मला त्यातलं काहीही आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा माझ्या हाताला प्लास्टर होतं आणि माईआत्या, जी तोवर इंदूरला एका शाळेत मुख्याध्यापिका होती, माझ्या कॉटशी बसून स्वेटर विणत होती. ती मग राहिलीच. काकाला शिक्षा झाली, ती भोगून तो आला, आणि टावर चौकामागे एका फोटोकॉपीच्या दुकानावरच्या खोलीत राहू लागला. आमच्या घराची पायरी चढायची नाही असं त्याला कुणीही सांगितलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. दोन घरांत चालत पंधरा मिनिटांचं अंतर, आणि त्या अंतरात आम्ही पुढची सगळी वर्षं काढली.

नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात हा दिवस ठेवलेला असतो. तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, ओटी भरायची, कावळ्याचं पान गच्चीवर ठेवायचं. आमच्याकडे सवाष्ण म्हणून दरवर्षी दिघेकाकूच बसत. आईला काय आवडायचं त्याची आत्यानं ठरवलेली एक यादी होती: गव्हल्यांची खीर, वडे, अळूची पातळ भाजी, आमसुलाची चटणी. आईला खरं आवडायचे ते पोहे, वरून मूठभर शेव आणि जिरावन मसाला घातलेले, चौकातल्या ठेल्यावरचे, उभ्यानं खाल्लेले. पण पोहे पितरांना चालत नाहीत. मेल्यावर माणसाची आवडही सुधारून घेतली जाते.

त्या संध्याकाळी आत्यानं विषय बाबांसमोर काढला. बाबा बँकेत नोकरीला होते. अडचणीचं प्रकरण वरच्या ऑफिसकडे पाठवून द्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "रेवतीची आई होती. रेवती म्हणेल तसं."

मी वीस वर्षांची होते. घरात मला तोवर 'भाजी काय करू' असंही कुणी विचारलं नव्हतं. आणि आता भाऊ भावाला दारात उभं करणार की नाही, हे माझ्यावर. बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी फार उदार केल्याचा भाव होता. मी पाणी प्यायला उठले आणि परत आलेच नाही. पुढचे आठ दिवस ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मात्र एकटी असले की एकच वाक्य चघळत होते, आत्याचं. आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही. आत्याच्या हजार वाक्यांपैकी हे एक मला शंभर टक्के पटलं होतं.

काका कुठल्याशा प्रार्थनासभेला जातो हे आम्हाला ठाऊक होतं. तुरुंगात कुणी तरी त्याला एक हिंदी पुस्तिका दिली होती, तिथून ते सुरू झालं. "बाटला का?" असं आत्यानं काकूंमार्फत विचारून घेतलं होतं, त्यावर "कागदावर अजून नाही" असं उत्तर आलं होतं. त्याची दारू सुटली होती हे खरं. पण आता तो म्हणत होता की त्याला क्षमा मिळाली आहे, पूर्ण, कायमची, काहीही न करता. कृपेनं.

हा शब्द मला नवा नव्हता. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती मुलींचा धर्माचा तास वेगळा असे आणि आम्हाला मॉरल सायन्स. एकदा नववीत, टीचर आल्या नव्हत्या म्हणून, सगळ्यांना एकाच वर्गात बसवलं आणि सिस्टर ॲग्नेसनी ग्रेस समजावून सांगितली. त्यांनी चॉकलेटांचा डबा आणला होता. होमवर्क कुणी कुणी केलाय ते हात वर करून विचारलं, आणि मग केलेल्या, न केलेल्या, सगळ्यांना एकेक चॉकलेट दिलं. "ज्यांनी केला नाही त्यांना का दिलं? कारण मला द्यायचं होतं," सिस्टर म्हणाल्या. "देअर इज नो अदर रीझन." पापाचा मोबदला मरण, तो क्रुसावर प्रभूनं स्वतःवर घेतला, म्हणून आता पाप शेवटचं नाही आणि मरणही शेवटचं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज इतका गोड झाला की मागच्या बाकावरच्या मुली हसू दाबायला लागल्या. मी होमवर्क केला होता. ते चॉकलेट मी खाल्लं नाही, ते कंपासपेटीत वितळून गेलं आणि वर्षभर माझ्या सगळ्या पेन्सिलींना वास येत राहिला. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला विचारायचं होतं, सिस्टर, न करणारीनं करणारीची वहीच फाडली असेल तर? तरी तिला चॉकलेट? आणि ते द्यायला तुम्ही कोण? पण मी हात वर करणारी मुलगी नव्हते. शिवाय त्याच शाळेत बुटाला पॉलिश नसलं तर मैदानात उन्हात उभं करत. फुकटच्या कृपेचा तास संपल्यावर त्या दिवशीही दोघी उन्हात उभ्या होत्याच.

आज वाटतं, सिस्टरांना जे सांगायचं होतं ते इतकं भयंकर होतं की चॉकलेटाखेरीज ते नववीच्या मुलींपुढे ठेवणार तरी कसं. पण हे आज. तेव्हा मला तो सगळा प्रकार बालिश वाटला, आणि काकाच्या तोंडी तो आल्यावर निर्लज्ज वाटला.

आत्याची पद्धत निराळी होती. तिनं पाठकगुरुजींना फोन लावला. पितृपक्षात आमच्या गावात गुरुजींशी बोलायला मिळणं म्हणजे भाग्यच. देशभरातून लोक आपापले मेलेले घेऊन उज्जैनला येतात, पिंडदानासाठी सिद्धवटाकडे जाणाऱ्या ई-रिक्शांची रांग लागते. गुरुजींनी सांगितलं, स्त्रीहत्येचा दोष आहे, पण अनवधानानं, तेव्हा उपाय आहे. उपायाचे तीन प्रकार: लहान, मध्यम आणि संपूर्ण. आत्यानं स्पीकर चालू ठेवला होता. मागे कुणी तरी "गुरुजी, बस लागली, पुढची पार्टी आली" असं हिंदीत ओरडत होतं, आणि गुरुजी मध्येच फोनवर हात ठेवून त्याला "बिठाओ, बिठाओ" म्हणत होते. आत्यानं मध्यम प्रकार निवडला. संपूर्ण नको, त्यात एकदाच सगळं फिटून गेल्यासारखं झालं असतं. लहानात भागलं तर वहिनीचा अपमान. मुंडन, स्नान, पिंड, एक दिवस उपास. मग ये म्हणावं नवमीला.

आत्या वाईट नव्हती हे मला सांगायला हवं. माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझ्या तापात ती जागली. माफी मात्र तिला परीक्षेसारखी हवी होती: पेपर झाला पाहिजे, तपासला पाहिजे, निकाल बोर्डावर लागला पाहिजे. नापास झालेला मुलगा पेढे वाटत फिरतो हे कुठल्या मुख्याध्यापिकेला सहन होईल?

काकाचं उत्तर दुसऱ्या दिवशी काकूंकडूनच आलं. काकू बिचाऱ्या दारातच उभ्या राहून पाठ केल्यासारखं बोलल्या. "म्हणाले, ताईला बरं वाटणार असेल तर सगळं करतो, मुंडनबिंडन, मला काही अडचण नाही. पण त्यानं धुतलं जाईल असं मात्र तिला खोटं सांगणार नाही. ते झालेलं आहे, म्हणाले."

"झालेलं आहे!" आत्या म्हणाली. "कुणी केलं? कुठे केलं? मतलब, आम्ही इथे आठ वर्षं वेडे म्हणून बसलोय!"

बाबा पेपराआडून म्हणाले, "ताई, रेवतीला ठरवू दे ना."

रविवारी सकाळी मी ठरवलं. काकाला जाऊन सांगायचं, येऊ नकोस. निरोपानं नाही, समोर. मला तोंड आहे हे निदान एकाला तरी कळेल. त्याच्या खोलीला कुलूप होतं. खालचा फोटोकॉपीवाला म्हणाला, "अंकलजी तो प्रार्थना में मिलेंगे, संडे है ना," आणि बोटानं समोरची इमारत दाखवली.

सभा एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये होती, दुसऱ्या मजल्यावर. फळ्यावर आदल्या दिवशीची रसायनशास्त्राची समीकरणं तशीच होती, 'पुसू नये' असं इंग्रजीत लिहून चौकट केलेली. त्यापुढे पास्टर उभे होते. आखूड बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. कुणी तरी कीबोर्डवर तयार ताल लावून दिला होता, लग्नात वाजतो तसला, आणि पंचवीस-तीस माणसं टाळ्या वाजवून गात होती. काही नर्सबाया, एक ई-रिक्शावाला, झाबुआकडचं एक कुटुंब. सगळे असे खूश, की जणू सगळ्यांचा एकाच वेळी निकाल लागलाय. मी शेवटच्या बाकावर, पंख्याच्या आवाजात बसले. मला त्या टाळ्यांची किळस आली. या शब्दाबद्दल मला आज थोडी लाज वाटते, पण तेव्हा किळसच आली.

मग पास्टर म्हणाले, "अरुण भाई आज गवाही देंगे," आणि काका उठला.

मी त्याला कित्येक वर्षांनी इतक्या जवळून पाहिलं. अंगात शर्ट नुसता लोंबत होता, डोळे पिवळे. त्यानं मला पाहिलं नाही. तो हिंदीत बोलत होता, हळू, वाक्यावाक्याला थांबत. मी दारू पिऊन गाडी चालवत होतो, म्हणाला. माझ्या शेजारी माझी वहिनी होती, मागे तिची मुलगी. लोकांनी "हे प्रभु" म्हणून उसासे टाकले. माझ्या आईचं मरण या लोकांना ठाऊक होतं, कदाचित पाचव्यांदा ऐकत होते. माझी आई यांच्या रविवारच्या सकाळची फोडणी झाली होती. मी उठणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, "भाभी ने कहा, भाऊजी, ज़रा धीरे, बच्ची सो रही है। मैंने पीछे मुड़कर देखा, सच में सो रही है क्या। मुँह खुला था उसका। मैं हँसा। बस, उतनी ही देर में।"

कुणी तरी "हालेलूया" म्हटलं. चुकून म्हटलं असावं, जागा चुकली. मी चपला हातात घेऊन जिना उतरायला लागले.

आठ वर्षं मी या वाक्याविना राहिले होते. आई शेवटचं काय बोलली, हे मी कुणाला विचारलं नव्हतं, कारण ते माहीत असणारा एकच माणूस होता. आणि ते मला मिळालं एका कोचिंग क्लासच्या मागच्या बाकावर, हिंदीत, अनोळखी लोकांबरोबर वाटून.

काका मागून आला. दोन पायऱ्यांवर एकदा थांबत, कठड्याला धरत.

"रेऊ. तू आली होतीस?"

"हे कोर्टात का नाही सांगितलंस?"

"वकील म्हणाला, मुलीचं नाव मध्ये आणू नका."

"आणि घरी?"

"घरी कुणी विचारलं नाही गं."

ते खरं होतं, त्यामुळे मला अजूनच राग आला. मी कधी नव्हे ते बोलायला लागले. माझा आवाज जिन्यात घुमत होता आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. "तुला म्हणे माफ केलं. कुणी केलं? आई माझी होती. त्याची कोण होती? त्याला काय हक्क?"

काका पायरीवर बसला. चिडला नाही. "हेच मी पास्टरना विचारलं होतं. वर्षभर भांडलो त्यांच्याशी. ते म्हणाले, ज्याला मारलं तोच माफ करू शकतो, दुसरा कुणी नाही, म्हणून तर देव स्वतः मरायला गेला. मारल्या गेलेल्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तुझ्या वहिनीच्या बाजूला, म्हणाले. तिथून म्हणतो तो, सोडलं. आणि तिसऱ्या दिवशी उठला, म्हणजे मेलेले मेलेलेच राहणार नाहीत. वहिनीसुद्धा."

"म्हणे."

"हो, म्हणे. मला पुरावा देता येत नाही. मला स्वतःला अर्धंच कळलंय."

"मी कधीच माफ केलं नाही तर?"

"तर नको करू. मला मिळालेलं त्यानं परत जाणार नाही. दादानं तुझ्यावर टाकलंय ना सगळं? ते ओझं नको घेऊस." मग म्हणाला, "फुकट मिळालेलं घेताना फार लाज वाटते, रेऊ. दोन वर्षं तुरुंगात काढली ती सोपी होती, ती फेडल्यासारखी वाटायची. हे फेडताच येत नाही."

"मग नवमीला कशाला यायचंय?"

"जेवायला," तो म्हणाला आणि हसला. आमच्या घराण्याचं हसू, एका गालातलं, बाबांचं आणि माझंही. "आठ वर्षं आपल्या घरचं जेवलो नाही. वहिनीच्या फोटोला नमस्कार करेन एकदा. पुढच्या वर्षी जमणार नाही. डॉक्टरनं लिव्हरचं सांगितलंय. पुढच्या पितृपक्षात ताईला माझ्यासाठी कावळा शोधावा लागेल, आणि ताई म्हणेल याला कसला कावळा, हा तर तिकडचा."

"भीती नाही वाटत?"

"सकाळी नाही वाटत. दुपारनंतर वाटते."

मी चपला पायात घातल्या आणि निघाले. येऊ नकोस हे सांगायला गेले होते, ते राहिलंच. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्या प्रत्येक वाक्याची टर उडवत होते. मारल्या गेलेल्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला! वा. ट्रॉली आली तेव्हा कुठे उभा होता? हे मी आजही विचारते. याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि ज्यांना मिळालंय असं वाटतं त्यांच्यापासून मी जरा लांबच बसते.

काका पुढच्या होळीच्या आधी गेला. त्याला जाळायचं की पुरायचं, यावरून आत्या आणि पास्टर यांच्यात हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये जी बाचाबाची झाली ती सांगण्यासारखी आहे, पण दोघांचीही त्यात शोभा नाही. मला सांगायची आहे ती नवमी.

आठवडाभर मी काहीच बोलले नाही, आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ 'नाही' असा लावला. माझ्या गप्प बसण्याचे अर्थ दुसरेच कुणी लावतात, पहिल्यापासून. काकाला निरोप गेला नाही. ये म्हणून नाही, नको म्हणूनही नाही. सकाळपासून स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती. आत्या सोवळ्यात, मी तिच्या हाताखाली. वड्यांचं पीठ, अळूच्या भाजीत ओल्या खोबऱ्याचे काप, भाद्रपदातलं ऊन गच्चीच्या दारातून आत येऊन पाट तापवत होतं. बारा वाजता दिघेकाकू जरीच्या साडीत आल्या. आईचं पान मांडलं, कावळ्याचं गच्चीवर गेलं. काकूंना पाटावर बसवलं, ओटी भरली. बाबा त्यांच्या पानासमोर हात जोडून बसले होते, आणि मी वाढत होते. इतक्यात फाटकाची कडी वाजली.

काका आत आला, व्हरांड्याच्या खालच्या पायरीशी थांबला. पांढरा शर्ट, हातात काही नाही. मुंडन केलेलं. त्याचं ते गोटा केलेलं डोकं बघून आत्याच्या हातातला झारा थांबला. तिनं सांगितलं होतं ते त्यानं केलं होतं, आणि तिला हेही ठाऊक होतं की ते पाप धुण्यासाठी नव्हे, फक्त तिला बरं वाटावं म्हणून केलं होतं.

श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत. हा नियम आमच्या घरात आत्याइतका कुणीच पाळत नसे. दरवर्षी त्या वेळी आलेल्या पोस्टमनलाही ती बसवून वडे घाली. ती एक मिनिट विचार करत उभी राहिली. मला तिची विचार करायची तऱ्हा कळते, कारण ती माझ्यातही आहे. मग तिनं कपाटामागून एक पत्रावळ काढली, भिकाऱ्याबिकाऱ्यांसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यातली, तिच्यावर सगळं नीट वाढलं, मीठसुद्धा, आणि माझ्या हातात दिली.

"व्हरांड्यात दे. फरशीवर. दारी आला, जेवला, गेला. नियम मोडला नाही आणि घरातही घेतला नाही."

"ताई, आता काय हे," बाबा म्हणाले. म्हणाले, आणि समोरच्या पानाकडे बघत राहिले. काकूंना पाटावरून उठता येत नव्हतं, त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी पत्रावळ घेऊन बाहेर गेले. खरं सांगते, जाताना मला ती युक्ती आवडली होती. किती चपखल! माफ न करता जेवू घालायचं. आता त्याचा चेहरा पडेल, त्या कृपाबिपेचं पाणी जरा उतरेल, आणि ते मला जवळून बघायला मिळेल. काकानं पत्रावळ पाहिली. ती कुठल्या गठ्ठ्यातली हे त्याला कळणार नाही असं नव्हतं, तो याच घरात वाढला होता. त्यानं चपला काढल्या, कठड्याला धरून हळूहळू फरशीवर मांडी घातली आणि दोन्ही हात पुढे केले.

मी त्याच्या चेहऱ्यावर अपमान शोधला. बराच वेळ शोधला. तिथे फक्त भूक होती, आणि वड्यांच्या वासानं आलेला एक मूर्ख आनंद. आम्ही त्याला भिकारी केलं होतं आणि ते त्याला कबूल होतं, जणू आम्ही त्याला बरोबर ओळखलं होतं. या माणसाला आता आमच्याकडून कमी देताच येत नव्हतं. कितीही कमी दिलं तरी ते त्याला जास्तच वाटणार होतं. मला त्याचा इतका राग आला की मी पत्रावळ आवळून धरली आणि अळूच्या भाजीचा ओघळ माझ्या मनगटावर आला.

आणि तिथे, त्याच्या गोटा केलेल्या डोक्याकडे बघत उभी असताना, माझ्या मनात आलं की त्या गाडीतून जिवंत बाहेर येण्यासाठी मी तरी काय केलं होतं? तोंड उघडं टाकून झोपले होते. आई माझ्यासाठी 'हळू' म्हणाली आणि मेली, मी झोपले होते आणि जगले. तेव्हापासून मी आठ वर्षं सगळ्यांचे पेपर तपासत बसले होते. आत्याचा, बाबांचा, गुरुजींचा, सिस्टरांचा, काकाचा. माझा कुणी मागितला नव्हता.

माझं मन भरून आलं नाही. मला प्रेमही वाटलं नाही, उजेडबिजेड काही पडला नाही. मान दुखत होती आणि मनगट चटकत होतं. आतून आत्यानं विचारलं, "दिलं का गं?" मी पत्रावळ त्याच्या हातात दिली नाही. ती तशीच घेऊन उंबऱ्याकडे वळले, आणि आतल्या तिघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, त्या घरात मी आजवर कधी काढला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "मी माफबीफ काही केलेलं नाही, काका. ऊठ, हात धू आणि आत ये, वडे गार होतायत."